पत्तीचा निबंध

हर्षालीच्या निबंधात तिच्या बापानं आदिलाबादजवळच्या तामसी गावात चहाचे मळे लावले होते, आणि ही बातमी डोमाजीला मराठी शाळेच्या पालकसभेत, सगळ्या गावादेखत कळली.

झालं होतं असं. विषय होता 'माझे बाबा'. पोरीनं फोनमधल्या एआयला सांगितलं, "माझे बाबा पत्ती पिकवतात, छान लिही." आदिलाबादच्या बाजारात तेलुगूच्या संगतीनं कापसालाही पत्ती म्हणतात. त्या बिचाऱ्या यंत्राला काय ठाऊक? त्यानं चहाची पत्ती धरली आणि डोमाजीला पाठीवर टोपली देऊन धुक्यात चढवलं. हर्षाली ते न वाचताच उतरवून मोकळी. सभेत निबंध वाचला जाऊन बापाचं नाव गाजावं एवढीच तिची हौस, आणि ते गाजलं.

"डोमाजी, येक कप आमाले बी पाजा," मागून कुणीतरी म्हणालं. बापाची मान खाली गेली तसं हर्षालीला रडूच फुटलं.

रंजीता मॅडम रागावल्या नाहीत. "फोनची मदत घे, पण तुझे बाबा त्याला काय माहीत? घरी विचारून पुन्हा लिही, आणि सांगणाऱ्याची खाली सही आण."

घरी हर्षाली वही घेऊन बापासमोर बसली. डोमाजीला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. तो जो सुटला!

"लिव. मी येकटा दिवसाले क्विंटलभर कापूस वेचतो. रानडुक्कर मले पाहून पयते."

"काऊन खोटं सांगून राह्यले जी पोरीले?" भाकरी थापता थापता जयवंताबाई म्हणाली. "वेचाले मी अन् बाया असतो. अन् डुकराले पाहून झाडावर कोन चढलं होतं?"

हर्षालीनं मुकाट्यानं खोडलं. "अन् पेरनी, बाबा?"

"सरकी बी तिनंच लावली," बाप पडेल आवाजात म्हणाला.

असं करता करता निबंधभर आईच पसरली. वर नाव तेवढं 'माझे बाबा'. "बाबा, याच्यात तुमचं तं काईच नाई राह्यलं."

डोमाजीनं पेन्सिल मागितली. जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं, सही केली आणि वही परत दिली. हर्षालीनं मोठ्यानं वाचलं, "जयवंता हाय म्हून शेत हाय. डोमाजी."

भाकरीचा आवाज थांबला. हर्षाली खोडरबर हातात घेऊन आईच्या दुरुस्तीची वाट पाहत राहिली.

"तेवढं राहू दे, माय," जयवंताबाई म्हणाली.