यावोरकडचं दार

वाटसरूंसाठी बांधलेला लाकडी निवारा खडकावर बसला, चारही बोल्ट एका दमात भोकांत गेले आणि खिंडीत जमलेल्या ब्रेग गावच्या गिर्यारोहण मंडळाने टाळ्या वाजवल्या. हेलिकॉप्टर दोर सोडून दरीकडे वळलं. त्याच्या मागोमाग टाळ्याही विरल्या.

"दार कुठंय?" मंडळाचा अध्यक्ष स्ताने म्हणाला.

"पलीकडे," लोव्रो म्हणाला.

"पलीकडे म्हणजे?"

"पलीकडे म्हणजे यावोरकडे."

यावोर हे खिंडीच्या त्या अंगाचं गाव. ब्रेगची माणसं यावोरचं नाव घेत नसत, आणि घेतलं तर सोबत शिवी असे. आता मंडळींसमोर लाकडाची कोरी पाठभिंत होती आणि तिच्यात छातीच्या उंचीवर एक लहानशी खिडकी.

हा निवारा लोव्रोने आपल्या गोठ्यात तीन हिवाळे खपून बांधला होता. आधीचा निवारा म्हणजे पत्र्याचा खोका; तो बुर्या नावाच्या इथल्या वादळी वाऱ्याने उचलून दरीत फेकला, त्यानंतर. लाकूड गावच्याच रानातलं, भिंतींच्या पोटात मेंढ्यांची लोकर, जी हल्ली कुणी फुकटसुद्धा नेत नाही. डोंगरावर सिमेंटचा एक कण नाही; उद्या उचलून नेला तर खडकाला चार भोकं, बाकी काही नाही. आराखडा त्याच्या मुलीचा. नेझा राजधानीत, ल्युब्लियानात, घरं आखते. तिने बजावलं होतं, "बाबा, एका कोपऱ्याचं भोक वेगळं ठेवा. म्हणजे उलटा बसणारच नाही."

"उलटा बसवायला आम्ही काय आंधळे आहोत?" लोव्रो म्हणाला होता, आणि चारही भोकं अगदी सारखी पाडली होती.

दोराला लटकलेला निवारा वाऱ्याने गर्रकन फिरला, तेव्हा लोव्रो दोन्ही हात हलवून बोंबलत होता. पंख्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? म्हातारा आनंदाने वेडा झाला असं समजून स्तानेनेही हात हलवले, आणि खालून धुकं चढत होतं म्हणून वैमानिकाला खूण केली, सोड. त्याने सोडला.

"बोल्ट काढून फिरवू," एकजण म्हणाला.

"फिरव की. तू एक टोक धर, दुसरं वारा धरेल," लोव्रो म्हणाला.

खिंड अरुंद. निवाऱ्याला वळसा घालून दारापाशी जायचं तर कड्याच्या कडेने साखळीला धरून जावं लागे. तरण्याताठ्यांना ते जमण्यासारखं होतं. लोव्रोचा गुडघा मात्र साध्या चढावरच कसाबसा साथ देई. ज्याने बांधलं, त्यालाच आत जाता येईना.

आणि त्याला आत जायचं होतं. ते दार आतून ओढून एकदा बंद करून बघायचं होतं. जुन्या खोक्याचं दार एका वादळात उडालं, तेव्हा नवं कुणी बसवायचं यावर ब्रेग आणि यावोरची मंडळं भांडत बसली. खिंड तुमची, खोका आमचा. खोका तुमचा, वाटसरू आमचे. हिवाळ्यामागून हिवाळे पत्रव्यवहार चालला, तोही अत्यंत सभ्य भाषेत. तशाच एका हिवाळ्यात लोव्रोचा धाकटा भाऊ आन्झे वादळात त्या खोक्यापर्यंत पोचला. पोचला, आत बसला, आणि सापडला तेव्हा बसलेलाच होता. छातीपर्यंत बर्फ. पुष्पचक्रं दोन्ही गावांकडून आली. दार कुणाकडूनच आलं नाही.

उद्घाटन रविवारी ठरलेलं होतं, ते पुढे ढकलायला स्ताने तयार नव्हता. "मेयरसाहेबांना काय सांगू? दार हरवलं म्हणून?" तेव्हा पाद्रीबुवांनी खिडकीवर पाणी शिंपडलं, अकॉर्डियन वाजलं, पोतित्साच्या गोड चकत्या वाटल्या गेल्या. मग मेयरसाहेबांनी कड्याकडे एक नजर टाकली आणि जाहीर केलं की ते खिडकीतून प्रवेश करतील. डोकं गेलं. खांदेही गेले. पोट राहिलं.

"श्वास सोडा, साहेब!"

"सोडलाय रे!"

"मग घेऊ नका!"

इतक्यात आतून दार उघडल्याचा आवाज आला आणि यावोरच्या मंडळाचा अध्यक्ष व्हिंको अतिशय अदबीने म्हणाला, "या, साहेब, या. दारानं आला असतात तर कॉफी दिली असती." त्याने मेयरसाहेबांना दोन्ही हातांना धरून आत ओढून घेतलं. साहेब यावोरच्या वाटेने खाली उतरले आणि जेवायलाही तिकडेच थांबले.

ब्रेगमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. स्तानेने निवारा फिरवण्यासाठी ठराव केला, ठरावासाठी समिती केली. लोव्रो घरात बसून राहिला. एक दिवस नेझा आली.

"बाबा, बसने यावोरला जा. तिकडचा चढ सोपा आहे, तुमचा गुडघा चढेल."

"यावोरला? मी? मेलो तरी जाणार नाही."

"मेल्यावर कसे जाल? तिकडची बस फक्त जिवंत माणसं घेते."

सप्टेंबरात तो गेला. बसमधून उतरला तर समोरच्या बाकावर व्हिंको बसलेला.

"आलास?" व्हिंको म्हणाला. "पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे. तिनंच फोन केला."

"तुला भेटायला नाही आलो."

"माहीत आहे. चल, सावकाश चल, मलाही दम लागतो."

वर पोचल्यावर लोव्रो दारासमोर उभा राहिला. उंबरा झाडलेला होता. बिजागऱ्यांना तेल होतं. आत घोंगड्या घडी घालून ठेवलेल्या, पाण्याचा डबा भरलेला, कुठे सिगारेटचं एक थोटूकही नाही.

"हे कोण करतं?"

"दर आठवड्याला कुणीतरी येतं."

"का?"

व्हिंको चिडला. "का म्हणजे? दार आमच्याकडे आहे ना! जरा धूळ दिसली, की तुम्ही ब्रेगवाले गावभर सांगणार, यावोरची माणसं घाणेरडी. तुमच्यापुढे नाक कापून घेऊ होय?"

लोव्रो आत गेला. त्याने दार ओढलं. ते बसलं; फट नाही, आवाज नाही. बाहेर वारा होता, आत नव्हता. तो बाकावर बसला आणि बराच वेळ बसून राहिला. रडला की नाही हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. दार बंद होतं.

शेवटी टकटक झाली. "मी येऊ का आत? की यावोरवाल्यांनी बाहेरच गारठायचं?"

"ये, मर," लोव्रो म्हणाला, आणि सरकून त्याने जागा केली.

ऑक्टोबरात मंडळाची सभा भरली. स्ताने छाती पुढे काढून उभा राहिला. वसंतात हेलिकॉप्टर मिळणार होतं, यावोरचीही लेखी संमती आली होती. झाडून झाडून तेही कंटाळले असावेत. "आता निवारा फिरणार आणि ब्रेगचं दार ब्रेगकडे येणार! बाजूने हात वर करा."

सगळे हात वर गेले. लोव्रोचा गेला नाही.

"लोव्रो? झोपलास काय?"

"मी विरोधात. दार आहे तिथंच राहू दे. कड्याच्या कडेला रुंद फळ्या ठोका, आपली माणसं वळसा घालून जातील. फळ्या मी देतो."

सभागृहात एकच गलका झाला. "यावोरवाल्यांनी काय पाजलं याला?" "अरे, तुझ्या स्वतःच्या भावापायी बांधलेला निवारा आहे तो!"

"म्हणूनच."

"असं काय वाकडं होणार आहे दार आपल्याकडे आलं तर?" स्तानेने टेबलावर हात आपटला.

लोव्रोने कोट चढवला आणि टोपी घातली.

"काही नाही," तो म्हणाला. "दर आठवड्याला वर कुणी जायचं, हे ठरवायला आपण एक समिती नेमू."