दुसऱ्या पानावरचं तळं

मुलांनो, जवळ सरका. एका जंगलात एक साप्ताहिक होतं.

त्याचं नाव 'रानहाक'. ते चालवायची गोदाक्का साळिंदर. बातम्या तीच शोधायची, तीच लिहायची आणि झाडाझाडाखाली अंक नेऊन तीच टाकायची. वाचक चाळीस. त्यातले तीस नुसतं भविष्य वाचत.

एकदा मोराने सिनेमा काढला. ऐतिहासिक. नाव 'अखेरचा काटा'. तो होता 'रानहाक'चे पहिले संपादक भिकोबा साळिंदर यांच्यावर. भिकोबांनी फार वर्षांपूर्वी त्या वेळच्या सिंहाविरुद्ध छापलं. सिंहाने त्यांना गुहेत कोंडलं. भिकोबा तिथेही अंगावरचा एकेक काटा उपसून लिहीत राहिले. काटे संपले, तेव्हा भिकोबाही संपले.

सगळं जंगल ढसाढसा रडलं. अस्वल तर मध्यंतरातही थांबलं नाही.

गोदाक्काही रडली. भिकोबा तिचे पणजोबा. तिने जाहीर केलं, 'प्रेक्षकांनी मतं कळवावीत. दुसऱ्या पानावर छापू.'

मतांचा ढीग लागला.

रानगव्याने लिहिलं, 'सिनेमात आमचे आजोबा डावीकडून येतात. ते हयातीत कधी डावीकडून आले नाहीत. आमच्या भावना दुखावल्या आहेत.'

कोल्ह्याने लिहिलं, 'पूर्वार्ध पकड घेतो, उत्तरार्ध रेंगाळतो. अडीच तारे.'

सशाने लिहिलं, 'छापखान्यावरच्या धाडीचा प्रसंग अंगावर येतो. मी डोळे मिटले होते, तरी आला.'

वानराने लिहिलं, 'सिनेमा पाहिलेला नाही. पाहणारही नाही. पण तो फार एकांगी आहे.'

आणि अस्वलाने लिहिलं, 'असे संपादक आता राहिले नाहीत हो!'

हे मत गोदाक्काने दोनदा वाचलं. जरा लागलं मनाला. पण छापलं.

कारण त्याच अंकात पहिल्या पानावर तिची मोठी बातमी होती. त्या बातमीसाठी ती तीन दिवस तळ्याकाठच्या लव्हाळ्यात दबा धरून बसली होती. वनराजांनी जंगलातलं एकुलतं एक तळं मगरशेठना देऊन टाकलं होतं. पौर्णिमेपासून तळ्याभोवती कुंपण. आत फक्त मगरशेठ आणि त्यांचे पाहुणे. दिवस ऐन उन्हाळ्याचे. नदी केव्हाच आटलेली.

अंक हातोहात संपला. असं कधीच झालं नव्हतं. गोदाक्का जांभळाखाली उभी राहून बघत होती. जो तो अंक घ्यायचा, पहिलं पान उलटायचा आणि दुसऱ्यात डोकं खुपसायचा.

न राहवून तिने विचारलं, "गवेबुवा, पहिलं पान बघितलंत का?"

"बघितलं की! वाया घालवलंत तुम्ही. आणखी दहा मतं मावली असती तिथे."

दुसऱ्या दिवशी वनराजांचं बोलावणं आलं. शेजारच्या खवल्या मांजरीला गोदाक्का म्हणाली, "घराकडे लक्ष ठेव गं बाई. मी काही आता परत येत नाही."

वनराज मात्र हसून म्हणाले, "या, या! सिनेमा पाहिलात ना? आम्ही दोनदा रडलो. काय ते भिकोबा! काय तो बाणा!"

"महाराज, तुम्ही मला तळ्याच्या बातमीवरून बोलावलंत ना?"

"हो, वाचली. झकास लिहिलीये."

"मग मला गुहेत नाही टाकणार?"

"छे, छे! ती चूक आमच्या आजोबांनी केली. भिकोबांना गुहेत टाकलं, म्हणून तर सगळे त्यांचं वाचायला लागले. तुम्ही मोकळ्या राहा. हवं ते छापा. अगदी पहिल्या पानावर छापा." मिशीवरून पंजा फिरवत वनराज म्हणाले, "आणि आमचं मत तेवढं दुसऱ्या पानावर घ्या. साडेचार तारे."

गोदाक्का बाहेर आली. गुहेत टाकलं असतं तरी एवढा अपमान झाला नसता, असं तिला वाटलं. वाटेत एक हरिणी पाडसाला घेऊन पाण्याला निघाली होती. पाडस पुढे पळत होतं. गोदाक्का त्याच्याकडे बघत राहिली. पौर्णिमा तीन दिवसांवर होती.

घरी जाऊन तिने जादा अंक काढला. पहिल्या पानावर वनराजांचा मोठा फोटो. दुसऱ्या पानावर एकच मत, खाली सही 'एक प्रेक्षक'.

'सिनेमा बेताचाच. त्यात भिकोबा ज्या तळ्यावर पाणी पितात, ते आपलं तळं नव्हेच. आपल्या तळ्याला मगरशेठचं कुंपण आहे. दिग्दर्शकाचा अभ्यास कच्चा. एक तारा.'

एक तारा! जंगल पेटून उठलं.

मोर किंचाळला, "चित्रीकरण तिथेच केलंय!"

"आपलंच तळं आहे ते," गवा गरजला. "पाठीमागे आमचे आजोबा दिसतात!"

"ते तळंच नाही, पडदा रंगवलाय," वानर म्हणालं.

"चला, बघूनच येऊ!"

सगळं जंगल तळ्यावर गेलं. तिथे मगरशेठची रानडुकरं खांब ठोकत होती. तीन बाजू झाल्या होत्या.

"आत जायला मनाई आहे," एक डुक्कर म्हणालं.

"कुंपण?" गवा थबकला. "सिनेमात तर कुंपण नव्हतं!"

"अहो, सिनेमाचं काय घेऊन बसलात," हरिणी म्हणाली. "आता आपण पाणी कुठे प्यायचं?"

मग सगळ्यांना एकदम तहान लागली. गव्याने मान खाली घातली आणि धडक दिली. खांब काडीसारखे मोडले. डुकरं पळाली. मगरशेठ तळाशी गेले, ते पंधरा दिवस वर आले नाहीत.

गर्दीत अस्वलाने गोदाक्काला गाठलं. "गोदाक्का, एवढी मोठी गोष्ट! तुम्ही छापली कशी नाहीत? भिकोबा असते तर छापली असती."

गोदाक्का काठावर वाकून पोटभर पाणी प्यायली.

पुढे वनराजांनी जाहीर केलं, की आपला कुंपणाला पहिल्यापासून विरोधच होता आणि सिनेमाने आपले डोळे उघडले. तळं वाचवल्याबद्दल मोराचा सत्कार झाला. आणि त्या एक तारा देणाऱ्या नतद्रष्ट प्रेक्षकाला शोधून काढावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ठरावाची बातमी गोदाक्कानेच छापली.

तात्पर्य : शूर संपादक म्हणून नाव व्हायला आधी मरून पन्नास वर्षं व्हावी लागतात. तेवढी सवड नसेल, तर सिनेमाला एक तारा द्यावा.