भिमाजींच्या दातांचा कौटुंबिक ठराव

निसर्ग माणसाला दात दोनदा फुकट देतो. तिसऱ्यांदा हवे असतील तर घरच्यांची बैठक लागते. आमच्या पिंपळगाव बसवंतचे टोमॅटो बागायतदार भिमाजी यांच्या दातांसाठी अशी बैठक गेल्या श्रावणात झाली. मी बाजार समितीत तीस वर्षं इतिवृत्तं लिहिली आणि राहतो शेजारीच, म्हणून मला कागद-पेनासह बोलावण्यात आलं. (चहा मिळाला.)

भिमाजींच्या वरच्या सहा दातांना तंबाखूने स्वेच्छानिवृत्ती दिली होती. मुलगा ललित गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहणार होता आणि फ्लेक्सवर 'आमचे प्रेरणास्थान' म्हणून वडिलांचा हसरा फोटो टाकणं भाग होतं. पण वडील हसले की प्रेरणा कमी आणि बोगदा जास्त दिसायचा. सबब, इम्प्लांट करावं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावून घ्यावेत, असा ठराव ललितने मांडला. त्याच्या बायकोने, सृष्टीने, अनुमोदन दिलं. भिमाजींच्या पत्नी नवसाबाई त्या वेळी चहा करत होत्या, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

नाशकात गंगापूर रोडला डॉ. रिदा यांचा दवाखाना आहे. सगळे गेलो, मला फॉर्म भरायला नेलं होतं. त्या आठवड्यात जोडीने आल्यास दुसऱ्याचा एक्स-रे मोफत, अशी योजना होती. फुकट म्हटल्यावर आमच्याकडे माणूस एक्स-रेच काय, प्लास्टरही घालून येतो. नवसाबाई डब्याची पिशवी धरायला आल्या होत्या, त्यांनाही मशीनपुढे उभं केलं.

निष्कर्ष असा निघाला: भिमाजींचे सहा दात कमी आणि हाड इतकं झिजलेलं, की स्क्रू धरायलाच जागा नाही. नवसाबाईंच्या आठ दाढा गायब, पण हाड उत्तम.

आठ दाढा नाहीत, तर आजी जेवतात कशा, असं डॉक्टरांनी सहज विचारलं. त्यावर जागच्या जागी चौकशी झाली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पत्नीला जेवताना पाहिल्याचं आठवत नाही, असं भिमाजींनी सांगितलं. (लग्नात घास भरवला होता, पण तेव्हा ते फोटोवाल्याकडे बघत होते.) ललित म्हणाला, आई सगळ्यांचं उरकल्यावर बसते, तोवर माझा हात धुवून वाळलेला असतो. सृष्टी सासूबरोबरच जेवायची, पण सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसतात, त्यामुळे तिला फक्त पाठीबद्दल सांगता आलं. पाठ ठीक होती. शेवटी नवसाबाईंनाच विचारलं, तेव्हा कळलं, की दोन वर्षं ती बाई भाकरी चहात बुडवून खात होती. निदान चहापत्तीच्या खपावरून तरी कुणाच्या लक्षात यावं, पण चहापत्तीही नवसाबाईच आणायच्या.

आजींचं काम लगेच होईल, चार-पाच महिन्यांत कोरडी भाकरी चावता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या. आजोबांना आधी हाड भरावं लागेल, तंबाखू सोडावी लागेल, आणि एवढं करूनही खात्री नाही. नवसाबाईंनी पिशवी खाली ठेवली. शेंगदाणे खाता येतील का, असं त्यांनी हळूच विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, येतील की.

कुटुंबाने पेच समजून घेतला. ललितने सुचवलं, की दात आईच्या तोंडात बसवावेत, मात्र नावावर वडिलांच्या असावेत. शेतीचंही तसंच आहे. राबते आई, सातबारा वडिलांचा, आजवर तक्रार आलेली नाही. मग फ्लेक्सवरही आईचाच फोटो लावावा लागेल, हे ध्यानात आल्यावर सूचना मागे घेण्यात आली. तेव्हा भिमाजींना तोडगा सुचला. त्यांनी अगदी अदबीने विचारलं, की हाड भरायचंच आहे आणि हिचं चांगलं आहे, तर हिचंच थोडं काढून लावलं तर? घरात असताना विकत कशाला घ्यायचं? काटकसरी माणसाला असे विचार सुचतात.

डॉक्टर एक्स-रेकडे बघत राहिल्या, कारण आमच्याकडे त्यांना बघवेना.

नवसाबाई म्हणाल्या, "माझं हाड हाय ते लगेच दिसलं तुम्हाला. आठ दाढा गेल्या, त्या नाय दिसल्या कोणाला."

हे वाक्य मी इतिवृत्तात घेतलं नाही, कारण ते विषयपत्रिकेवर नव्हतं. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू. पण लाजेसाठी नमुन्यात रकाना नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर सगळ्यांना पश्चात्ताप झाला. नवसाबाईंना पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर पानावर बसवलं आणि हातातले घास तसेच धरून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. जन्मभर भिंतीकडे तोंड करून जेवलेल्या बाईला एवढ्या नजरांसमोर घास उतरेना. भूक नाही म्हणून त्या उठल्या. घरच्यांनी ते खरं धरलं. ज्याअर्थी भूक नाही, त्याअर्थी दाढांची निकड नाही, असं ठरलं. भिमाजींचं हाड, विकतचं घेऊन का होईना, भरायची तारीख पुढच्याच आठवड्यातली घेतली, आणि नवसाबाईंच्या दाढांचा विषय टोमॅटोला भाव आल्यावर सहानुभूतीने विचारात घ्यायचा ठराव झाला. तो मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात.

आता तुम्ही या घराला नावं ठेवाल. खुशाल ठेवा, मीही ठेवतच घरी गेलो. फक्त त्याआधी एक करा. तुमच्या आईच्या किती दाढा शिल्लक आहेत, तो आकडा इथे समासात लिहा. आत जाऊन तिला विचारू नका. ती 'आहेत की सगळ्या' म्हणेल आणि तुमच्या पानात अजून एक पोळी वाढेल.