डाव्या बेअरिंगची अट

आमच्या खडीच्या क्रशरच्या डाव्या बेअरिंगनं शाफ्ट सोडायला नकार दिला आणि तसा अर्ज मालकांकडे केला. अर्ज कारकून कुसुमताईंच्या अक्षरात होता, कारण बेअरिंगला बोलता येतं, लिहिता येत नाही.

बोलतं तेही फिरवल्यावरच. म्हणून सुनावणीच्या वेळी उजव्या बाजूचं मोठं चाक हातानं सावकाश फिरवत ठेवावं लागतं. ते काम मालक भूपाल चौगुले यांनी स्वतःकडे घेतलं. कुसुमताई वही घेऊन दगडावर बसल्या. मी बेअरिंगजवळ उभा राहिलो, कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते मीच बसवलं होतं.

तो दिवस मला आठवतो. शाफ्टवर बर्फाची पोती टाकलेली, आणि बेअरिंग फुगावं म्हणून तारेला टांगून तापल्या तेलात सोडलेलं. तळाला टेकू द्यायचं नाही. बाहेर काढून त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा, तो नाचत उडाला की एका दमात शाफ्टवर सरकवायचं. मध्ये श्वास घ्यायला थांबलं की अर्ध्या वाटेत आवळतं, मग पुढं जात नाही न् मागं येत नाही. मी थांबलो नव्हतो.

मालकांनी बेअरिंगला परिस्थिती सांगितली. तुझा आवाज वाढलाय, अंग तापतंय, एखाद्या दिवशी फुटलंस तर शाफ्ट जाईल, आणि असा शाफ्ट आता कुठं मिळत नाही. बेअरिंगनं हे मान्य केलं. नवीन बेअरिंग येऊन सामानाच्या खोलीत खोक्यात पडलंय हेही त्याला ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्यानं एवढंच विचारलं, "त्याला तापवणार कोण?"

"तात्याच. दुसरं कोण?" मालक माझ्याकडं मान वळवून म्हणाले.

मालकांनी हात बदलून चाक फिरवलं.

"तात्यानं मला काढावं," बेअरिंग म्हणालं. "पण त्या हातांनी त्याला धरायचं नाही. एवढी एकच अट."

मालकांनी चाक थांबवलं आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "मग बसवायला गैबीला बोलवावं लागेल."

गैबी मिस्त्री डोंगराच्या पलीकडच्या क्रशरवर असतो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याच्याकडं बेअरिंग ओढून काढायचा, तेलाच्या दाबावर चालणारा पुलर आहे, निळ्या पेटीत, पेटीला आतून मऊ कापड. गैबी आला की बेअरिंग आपण होऊन उतरतं, असं लोक म्हणतात. दहा वर्षं मी ते ऐकतोय. मी त्याला कधी वाईट म्हटलेलं नाही. काम करताना तो शीळ घालतो, एवढंच मी चार जणांना सांगितलंय.

मी मालकांना म्हणालो, गैबी नको, मी बेअरिंगची समजूत घालतो. त्यांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. शुक्रवारी उतरलं नाही तर गॅसनं कापायचं, आणि कापताना शाफ्टला चरा पडला तर सगळा क्रशर भंगारात.

शुक्रवारी सकाळी मी माझा जुना पुलर लावला. पाव आटा आवळायचा, थांबायचं, चहा घ्यायचा, पुन्हा पाव आटा. दुपारपर्यंत बेअरिंग अर्धं बोट सरकलं. मग माझी चूक झाली. जुनं हललं की नव्यासाठी तेल चुलीवर ठेवायचं, शाफ्ट उघडा राहू द्यायचा नाही, ही आमची कामाची रीत. गैबी येईल असं बेअरिंगला सांगितलं होतं, पण त्याला मी निरोपच दिलेला नव्हता. खोलीमागं चूल पेटवली. मनात म्हटलं, एकदा उतरलं की त्याला कोण विचारतंय.

वारा फिरला आणि तापल्या तेलाचा वास पुढं आला. बेअरिंगनं शाफ्ट असा आवळला की पुलरचा एक पाय वाकला.

मी जाऊन चाक फिरवलं. एकट्याला ते जड जातं.

"तेल कोण तापवतंय?" बेअरिंगनं विचारलं.

"मी."

"आणि गैबी?"

"त्याला सांगितलेलं नाही."

"मला वाटलंच होतं," ते म्हणालं. आवाज चढवला नाही.

मी चूल विझवली आणि कुसुमताईंना गैबीला फोन लावायला सांगितलं.

गैबी तीनला आला. चपला बाहेर काढल्या, निळी पेटी खाली ठेवली, पण उघडली नाही. म्हणाला, "तात्या, तुमचं काढून होईस्तोवर मी हात लावत नाही." त्यानं शीळ घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुलरचा वाकलेला पाय बदलून मी पाव आटा दिला. बोट मोडल्यासारखा आवाज झाला आणि बेअरिंग सुटून पोत्यावर आलं. अजून कोमट होतं.

नवीन बसेपर्यंत माझे दोन्ही हात जुन्यावर राहतील, असं ठरलं. कुसुमताईंनी वेळ लिहून घेतली. गैबीनं तेल तापवलं, तारेवर नवीन बेअरिंग सोडलं, काढून थेंब टाकला. थेंब नाचला. थोडा कमी नाचला असता तर मी बोललो असतो.

"तात्या, सरकवू?"

"सरकव."

एका दमात गेलं. शेवटाला टेकलं तेव्हा मला कळलं, की मीही श्वास घेतला नव्हता.

माझ्या हाताखाली जुनं बेअरिंग थोडं फिरलं. "कसं बसलं?"

"बरं बसलं."

"माझ्यासारखं?"

"नाही," मी म्हणालो. कुसुमताईंनी तेही वहीत घेतलं.

जुनं बेअरिंग आता माझ्या घरी दारात असतं. आमच्या सौ. हौसाबाई त्याच्या भोवतीनं झाडतात, पण त्याला पुसत नाहीत. दर शनिवारी मी त्याला थोडं ग्रीस लावतो.

गेल्या आठवड्यात नवीन बेअरिंगचा अर्ज आला. काम सुरळीत आहे, ग्रीसबद्दल तक्रार नाही. विनंती एकच: आपली वेळ येईल तेव्हा आपल्याला गैबीनं नाही, तात्यानं काढावं. मालकांनी मला विचारलं. अठ्ठावीस वर्षांनी मी नव्व्याण्णवचा असेन. मी हो म्हणालो आणि कागदावर अंगठा दिला.

गैबीला हे अजून सांगितलेलं नाही. दारातल्या बेअरिंगलाही नाही.