पाहिजे : गप्प बसणारा दुकानदार

आमचे शेजारी वहीदमामू भर बाजारात दुकानदारांना गप्प बसायला सांगतात आणि तरीही त्यांनी अजून मार खाल्लेला नाही, हा नांदेडकरांचा मोठेपणा.

उभा जन्म त्यांनी लग्नांचं शूटिंग केलं. 'नवरदेव, मान वर! हसा, हसा!' असं ओरडणारा हा माणूस आता लहान पोराच्या उंचीच्या स्टँडवर चहूकडचं टिपणारा गोल कॅमेरा ठेवतो आणि ओठांवर बोट ठेवून उभा राहतो.

कारण त्यांची लेक शबाना. ती लातूरला, बोलायला अडणाऱ्या लेकरांवर उपचार करते. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा बांधला की लेकरू थेट दुकानासमोर उभं! तिथं ते मागायचा सराव करतं. पण तयार चित्रांतली दुकानं परदेशी, चकचकीत. जळकोटची सहा वर्षांची तेजू तिथं नुसती बघत राही. तिला शब्द सापडायला वेळ लागतो. तोवर समोरचा तिचं वाक्य संपवून मोकळा होतो. हल्ली तर तिनं काही मागणंच सोडलं होतं. म्हणून मामू ओळखीचं किराणा दुकान टिपायला निघाले.

"काय पाहिजे, एवढंच पुसायचं. फिर चूप."

दुकानदार कॅमेऱ्याला विचारी, "काय पाहिजे बाळा?" आणि लगेच, "बिस्कुट? गोळ्या? कुणाची गं तू?"

"अरे भाई, बच्ची को बोलने तो दो!"

"मामू, गिऱ्हाईक दारात अन् मी मुका बसू? धंदा बसंल माझा!"

शेवटी दुकानदाराच्या जागी मला बसवलं. मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पोरांच्या आधी उत्तर देण्याचाच मला पगार मिळतो. "काय पाहिजे?" विचारून मी कसाबसा थांबलो आणि म्हणालो, "पर्याय देऊ का?"

"उठो मास्तर. तुमाला सबर न्हाई."

मग मामू स्वतःच गल्ल्यावर बसले. विचारलं, आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिले. बघतच राहिले. घाम मला फुटला. त्यांना हे जमतं कसं? आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. त्यांच्या बेगम, आमच्या खाला, वारल्या; शबाना लातूरला. पलीकडून कुकरच्या शिट्टीशिवाय काही ऐकू येत नाही.

लातूरला मीही गेलो. खाली कोचिंग क्लास, जिन्यात सूत्रं घोकणारी पोरं, वर शबानाचा दवाखाना. तेजूला चष्मा बांधला. तिला दिसे ते आम्हाला पडद्यावर दिसत होतं. पडद्यावरच्या मामूंनी विचारलं, "काय पाहिजे बेटा?" आणि ते थांबले.

तेजूचे ओठ हलले. आई पुढं सरकली. शबानानं तिचा हात धरला. पडद्यावरचे मामू थांबलेले, आणि खरे मामू दाराशी उभे.

तेजू एक पाऊल पुढं गेली. हवेतच, पडद्यावरच्या मामूंच्या हातावर तिनं हात ठेवला.

"तुमाला... बी... बोलता येत न्हाई?"

तिनं हात तसाच ठेवला.

"भेऊ नका. बोला. मी... थांबते."

दाराशी उभ्या मामूंनी तोंड उघडलं. शब्द सापडेना. तेजू थांबली. मग आम्ही सगळेच थांबलो.