पितांबर आप्पांचे सहा ड्रम

अहो, असे लांबून काय बघता? या जवळ, बसा. बमरोलीत येता, मिलच्या वासाने नाकाला रुमाल लावता, ‘इथे कसं राहता’ म्हणता आणि निघून जाता. ही काय रीत झाली? निदान आमच्या पितांबर आप्पांना तरी भेटून जावं.

आप्पांकडे वाटीभर साखर मागायला गेलं, की आधी विचारतात, “कसाले जोयजे?” चहाला म्हटलं, तर किती जणांच्या? एकटा माणूस, मिलच्या केमिकल गोदामात जन्म गेला, म्हणून ही सवय, असं सगळे समजतात.

आमच्या ओळीत अकरा खोल्या. आप्पांनी घरोघर फिरून एकच नियम लावला. उंदराचं औषध, फिनेल, संडासचं ॲसिड सगळ्यांनी सारख्याच उंच फळीवर, कुलपात ठेवायचं. दहा घरांनी सांभाळलं आणि अकराव्याने नाही, तर दहांची मेहनत पाण्यात, हे त्यांचं म्हणणं. शेजारची सुमन म्हणाली, आमच्याकडे लहान मूल नाही, कुलूप कशाला? आप्पांनी स्वतः फळी ठोकून दिली. आता फिनेल काढायला तिला स्टूल लागतं, आणि लादी पुसताना ती आप्पांचा उद्धार करते.

देशांचंही त्यांनी असंच धरलं होतं. साडीवर छपाईचा रंग नीट बसावा म्हणून त्यात एक औषध मिसळतात. त्यापासूनच अंगावर फोड आणणारा, छाती जाळणारा लढाईतला वायू करता येतो, हे त्यांनी पेपरात वाचलं. सगळे देश मिळून त्यावर बंदी घालणार, प्रत्येकाने आपापल्या घरी तसा कायदा करायचा, हेही त्यात होतं. आप्पा कात्रण खिशात घालून फिरायचे आणि भेटेल त्याला विचारायचे. सगळ्यांचा कायदा सारखाच असेल ना? एकाने ढिलाई केली, तर माल तिथूनच जाईल. चहाच्या हातगाडीवरचा गुजराती म्हणायचा, “काका, पहेला चा पीओ.”

आपल्याकडे कायदा अजून व्हायचाच होता, पण मिलमध्ये सरकारचे छापील फॉर्म आले. हे औषध किती आणता, कशाला वापरता, कोणाला देता. आप्पांनी फॉर्म भरला आणि सोबत स्वतःचा एक कागद जोडला. त्यात लिहिलं: दहा-बारा वर्षांपूर्वी एक दलाल सहा ड्रम घेऊन गेला. त्याने सांगितलं म्हणून ड्रमांवरची नावं मीच खरवडली. बाहेरदेशी गेले. कुठे, कशासाठी, ते मी विचारलं नाही.

तेव्हा विचारलं नाही, ते आता साखरेच्या वाटीला विचारतात.

मॅनेजरने कागद फाडला. फॉर्म फक्त यंदाचं विचारतो, म्हणाला. आप्पांनी दुसरा लिहिला. तोही फाडला. तिसऱ्यांदा लिहिला, तेव्हा त्यांना गोदामातून काढून साड्यांच्या घड्या घालायला बसवलं.

आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. रविवारी पेपर घेऊन ते माझ्याकडे येतात. मी मुलांच्या पुस्तकांवरून वाचायला शिकलेली बाई, अडखळते. पण त्यांना घाई नसते. आधी बाहेरदेशाचं पान. कुठे तसल्या वायूने माणसं भाजली का, एवढंच बघायचं. नाही म्हटलं, की मग चहा घेतात.

परवाच्या रविवारी त्या पानावर एका म्हातारीचा फोटो होता. दूरचा कुठलासा देश. जुन्या लढाईत तिच्या गावावर असाच वायू सोडलेला; इतक्या वर्षांनीही तिला धाप लागते. गळ्याला हात लावून बसलेली, माझ्याच वयाची. मी ते मनातल्या मनात वाचलं आणि पान उलटलं. म्हटलं, आज काही नाही, कांदा महागलाय.

आप्पांनी चहाच्या कपाला हात लावला नाही. मग म्हणाले, “वैनी, कांद्यापर्यंत याले तुम्हाले इतका वेळ लागत नही.”

मग मी सगळं वाचून दाखवलं. तिचं नाव त्यांनी दोनदा वाचायला लावलं. ते ड्रम तिथेच गेले असं कोण म्हणतं, असं मी समजावत होते.

“नही गयात, आसं बी कोनी सांगत नही ना,” ते म्हणाले.

चहावर साय धरली. आप्पा उठून गेले.

तेव्हापासून कामावरून येतात आणि दार लावून घेतात. हाक मारली तर ओ देतात, उघडत नाहीत. माझा आवाज रोजचाच. नवं माणूस आलं, तर कदाचित उठतील. काही काम काढून येऊ नका, नुसतेच या. आणि जमलं तर या रविवारच्या आधीच या. पेपर वाचायला मला एकटीला धीर होत नाही.