आरशातले कंगवे

डोळे तपासायला डॉक्टरच लागतो, हे मला कधी पटलंच नाही. मी टेलर! माणसाला नुसतं बघून त्याची छाती-कंबर सांगतो, मग नजरेचं माप काय अवघड?

आमच्या वस्तीत डोळ्यांचा डॉक्टर फिरकत नाही. नर्सबाईंनी म्हणून एक अजब चष्मा आणला. दोन्ही बाजूंना फिरक्या! समोरच्या तक्त्यावर तीन दातांच्या कंगव्यासारखी चित्रं. फिरकी आपणच फिरवायची, कंगव्याचे दात स्पष्ट दिसले की थांबायचं. फिरकीवर येईल तो आपला नंबर; त्या नंबराचा चष्मा मागाहून येणार.

"तक्ता दुकानासमोरच्या भिंतीवर लावा, मास्तर. लोकांना स्वतः फिरवू द्या. संध्याकाळी मी चष्मा घेऊन पुढच्या वस्तीत जाणार," असं बजावून त्या गेल्या.

नुसतं बसून राहायचं? छे! शिवाय बाहेर ऊन. मी शेजारच्या सलूनमध्ये घुसलो. खोली आखूड होती, पण मला युक्ती सुचली! तक्ता खुर्चीमागच्या भिंतीवर टांगला आणि आरशात बघायला लावलं. अंतर आपोआप दुप्पट! सलूनवाला तोंड उघडं टाकून बघतच राहिला. तक्त्यासोबत आलेली त्याची छोटी नक्कल हातात घेऊन मी परीक्षक झालो.

पहिली माझी आत्या. रस्ता ओलांडताना तिने परवा उभ्या हातगाडीला "बाजूला हो रे बाबा" म्हटलं होतं. एकटीने बाहेर पडणं तिने सोडलंच होतं.

"दात कुठे?"

"वर."

"शाब्बास! आणि हा?"

"डावीकडे."

नकलेत उजवीकडे! "चूक. फिरव अजून."

"अरे, मला स्वच्छ दिसतंय!"

"दिसतंय गं, पण चुकीचं दिसतंय!"

ती फिरवत राहिली. शेवटी वैतागून तिने डोळे मिटले आणि ओरडली, "उजवीकडे!"

"बरोब्बर! हाच तुझा नंबर!"

मग रांगच लागली. गंमत म्हणजे वर-खाली सगळ्यांना दिसे, डावं-उजवं कुणालाच नाही! गल्लीत ही साथ कधी आली? मी चक्रावलो. रस्त्यापलीकडची माशी ओळखणारा सलूनवालासुद्धा नापास! त्याला इतका जाड नंबर निघाला की तो रडवेला झाला. "मास्तर, मी आता वस्तरा कसा धरू?" दाढीला बसलेलं गिऱ्हाईक फेसासकट पळालं!

नर्सबाई आल्या. नंबर ऐकून त्या मटकन खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, फिरकी शून्यावर आणली आणि म्हणाल्या, "डावीकडे."

"चूक," मी हळूच म्हणालो. "बाई, तुम्हालाही लागण झालीय."

त्यांनी मागे वळून तक्ता पाहिला, मग आरसा. "मास्तर, शर्टाला खिसा कुठे लावता?"

"डावीकडे."

"आणि आरशातल्या माणसाचा?"

"उज..." सलूनवाला वस्तरा परजत उभा राहिला.

"तासाभरात अंधारेल," बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "नंबर नाहीत तर चष्मे नाहीत!"

तक्ता उचलून मी बाहेर धावलो. समोरच्या भिंतीवर टांगला, टेपने अंतर मोजलं आणि बाईंच्या हुकमाने तोंड शिवून बसलो. लोक आपापल्या हाताने फिरक्या फिरवत होते. सलूनवाल्याला चष्म्याची गरजच नाही, असं निघालं. तो नाचायचाच बाकी होता.

सगळ्यांत शेवटी आत्या. तिने फिरकी हळूहळू फिरवली आणि मध्येच थांबली. कंगवे सोडून ती भलतीकडेच बघायला लागली.

"तारेवर पक्षी बसलेत? रोज बसतात?" "त्या गच्चीवर निळी साडी वाळतेय ना?" "अगंबाई, झाडाला एवढी सुटी सुटी पानं!"

नर्सबाईंनी नंबर टिपला. चष्मा परत मागायला मात्र कुणाची जीभ रेटेना. आत्या रस्ताभर डोळे फिरवत फिरवत शेवटी माझ्यावर येऊन थबकली.

"अरे! तुझे केस कुठे गेले?"

सलूनवाला घाईघाईने पुढे आला. "आत्या, देवाशपथ, ते मी नाही कापले!"